धाकट्या भावाच्या आठवणी त्याच्या मुलांसाठी कशा लिहून ठेवाव्यात?

प्रश्न : आत्या

माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी, वयाच्या ३६व्या वर्षी, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने गेला. त्याची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुलगा जेमतेम चौदा महिन्यांचा. वहिनीने माझ्यावर एक काम सोपवले आहे. दोन्ही मुलांना मोठेपणी हाती घेता येईल अशी, त्यांच्या बाबांविषयीची एक वही मी तयार करायची आहे. ती छापायची नाही, घरातच जपून ठेवायची आहे. आईवडिलांखेरीज त्याला जन्मापासून ओळखणारी मीच, म्हणून मी लगेच हो म्हटले. पण आता या कामात पुरती अडकले आहे.

गेल्या तीन महिन्यांत मी त्याचे मित्र, सहकारी, शाळासोबती आणि शेजारी यांना आठवणी लिहून पाठवण्याची विनंती केली. एकूण ४२ टिपणे आली. जवळजवळ प्रत्येकात तो हसतमुख, मनमिळाऊ, जबाबदार, कुटुंबवत्सल आणि मुलांसाठी जिवाचे रान करणारा आहे. यातला एकही शब्द खोटा नाही, तरीही सगळी टिपणे ओळीने वाचून काढल्यावर त्यांत मला माझा भाऊ कुठेच दिसला नाही. मला आठवतो तो लेकीच्या बुटांच्या नाड्या बांधताना वाकून न बसता दोन्ही गुडघे जमिनीला टेकणारा, गाठ मारून झाली की बुटाच्या टोकावर दोनदा टिचकी मारणारा आणि तिने मान हलवल्याशिवाय न उठणारा. लेकीच्या ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसे, त्याला तो कधीच थाप मारत नसे. हाताला लागेल त्या कागदावर प्रश्न लिहून घेई आणि शोधून सांगायचा दिवस खाली टाकून तो कागद खिशात ठेवी. तो गेल्यावर कपाट आवरताना वहिनीला त्याच्या शर्टाच्या खिशात अशी एक चिठ्ठी सापडली. कसल्याशा छापील पावतीच्या मागे त्याच्या अक्षरात लिहिले आहे : ‘पाण्याला रंग का नसतो? रविवारपर्यंत.’

माझ्या शंका अशा आहेत. घरातील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की वहीची सुरुवात भावाच्याच तोंडून, ‘बाळांनो, मी तुमचा बाबा बोलतोय’ अशा पत्राने करावी. एका भाच्याने तर त्याच्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाकडून हे पत्र त्याच्याच आवाजात वाचून घेता येईल, असेही सुचवले. सुचवणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच आहे, पण मला ते पटत नाही आणि का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. दुसरे असे की त्याचे गुण लिहायला सगळे तयार आहेत, परंतु लग्नाच्या वेळच्या वादानंतर तो आमच्या वडिलांशी दोन वर्षे बोलत नव्हता आणि मुलीच्या जन्मानंतरच तो अबोला मिटला, हे लिहावे की नाही? शेवटचे काही महिने जिना चढताना त्याला धाप लागत असे आणि आम्ही मागे लागूनही तो तपासणी पुढे ढकलत राहिला, हे मुलांना कधी आणि कसे सांगावे? शिवाय धाकट्याला तर बाबांचे काहीच आठवणार नाही. त्याच्यासाठी या वहीत मी काय ठेवू?

उत्तर : लेक

ताई, मी चार वर्षांची असताना माझे वडील गेले. मी आज चाळिशीत आहे, त्यामुळे आपण जी वही करत आहात ती ज्याच्या हाती पडणार आहे, त्या बाजूने लिहिते.

मला वडील मिळाले ते एका भिंतीवरच्या फोटोत आणि ‘देवमाणूस होता’ या दोन शब्दांच्या वाक्यात. देवमाणसाविषयी पुढे काही विचारता येत नाही. त्याला काय आवडत नव्हते, तो कशाला घाबरत असे, रागावला की काय करत असे, हे विचारणे म्हणजे जणू त्याचा अपमानच, असे मला पुष्कळ वर्षे वाटत राहिले. मी बाविशीत असताना वडिलांचे एक जुने मित्र भेटले आणि बोलता बोलता म्हणाले की तुझे वडील आयुष्यात कुठेही वेळेवर पोहोचले नाहीत, आमची गाडी त्यांच्यामुळे दोनदा चुकली. मीही कुठे वेळेवर पोहोचत नाही आणि त्यासाठी आईची बोलणी खाते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मी खरोखरच कोणाची तरी मुलगी आहे. म्हणून माझी विनंती आहे की त्याच्या उणिवा गाळू नका. मुले आईवडिलांशी नाते जुळवतात ते गुणांतून जितके, तितकेच अशा बारीकसारीक खोडींतून.

पत्राविषयी मात्र मी अगदी ठामपणे सांगते, ते करू नका. आमच्याकडे हे घडले आहे. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मला ‘बाबांचे पत्र’ येत असे. त्यांनी जाण्यापूर्वीच ती लिहून ठेवली आहेत, असे मला सांगितले होते. तेराव्या वर्षी मी काकांच्या कागदपत्रांत तेच अक्षर पाहिले. काकांनी ते केवळ मायेपोटी केले होते आणि मी त्यांना केव्हाच क्षमा केली, पण त्या दुपारी नऊ पत्रांबरोबर माझे बाकीचेही सगळे गेले. जे खरोखर त्यांचे होते त्यावरही माझा विश्वास राहिला नाही. यंत्राने केलेल्या आवाजाचेही मला तेच भय वाटते. आपल्याजवळ त्याच्या हातची पाच शब्दांची चिठ्ठी आहे. तिच्याशेजारी त्याने न लिहिलेले दहा पानांचे पत्र ठेवले, तर पुढे मुलांना ही चिठ्ठीसुद्धा खरी आहे का, असा प्रश्न पडेल. वहीत तुम्ही तुमच्या नावाने बोला, वहिनी तिच्या नावाने बोलेल, मित्र त्यांच्या नावाने बोलतील. त्याच्या नावावर फक्त त्याचेच शब्द राहू द्या, मग ते कितीही थोडे असोत.

आणि टिपणे पुन्हा मागवा, पण या वेळी ‘आठवणी लिहा’ असे सांगू नका. तसे सांगितले की माणसे शोकसभेत बोलल्यासारखे लिहितात. प्रत्येकाला एकच नेमका प्रश्न पाठवा. कार्यालयातून निघताना तो शेवटचे काय करत असे? मुलगी झाल्याचे तुम्हाला त्याने कोणत्या शब्दांत कळवले? त्याचे आणि तुमचे कशावरून भांडण झाले? त्याच्याकडून घेतलेली आणि परत करायची राहिलेली एखादी वस्तू तुमच्याकडे आहे का? तो कोणता शब्द चुकीचा उच्चारत असे? जी वहिनी ‘त्यांच्याविषयी सांग’ म्हटल्यावर गप्प होते, तीच ‘रात्री मुलाला कोण झोपवत असे’ या प्रश्नावर तासभर बोलेल.

उत्तर : बालसमुपदेशक

वियोग झालेल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षे काम करते. वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्यात दोन-तीन गोष्टींची भर घालते.

बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली असते, त्यामुळे धाकट्याला वडिलांची स्वतःची अशी आठवण राहणार नाही, हे आपण गृहीतच धरावे. मुलीचे तसे नाही. सहाव्या वर्षीच्या आठवणी टिकू शकतात. मात्र ज्या प्रसंगांविषयी घरात बोलले जाते ते अधिक टिकतात आणि ज्यांच्याभोवती मोठ्या माणसांचे मौन असते ते विरून जातात. म्हणून वही पुरी होण्याची वाट न पाहता तिच्याशी आत्ताच बोला आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून उतरवून घ्या. ती चुकीचे सांगत असली तरी दुरुस्त करू नका. आणखी वीस वर्षांनी तिला स्वतःच्याच सहाव्या वर्षीच्या तोंडून बाबा ऐकायला मिळतील, याहून मोलाचे पान त्या वहीत दुसरे असणार नाही.

मृत्यू कायमचा असतो, तो प्रत्येकाला येतो आणि त्यानंतर शरीराचे सर्व काम थांबते, ही समज साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते. ती त्याच उंबरठ्यावर आहे. ‘बाबा झोपले’, ‘बाबा दूर गेले’ असे शब्द तिच्यापाशी वापरू नयेत, कारण झोपलेला जागा होतो आणि दूर गेलेला परत येतो. ‘बाबांचा मृत्यू झाला, त्यांचे हृदय बंद पडले’ हे वाक्य उच्चारणे आपल्याला कठीण जाते, परंतु मुलांना तेच झेपते. या वयाच्या मुलांना पुष्कळदा असेही वाटते की आपल्या एखाद्या वागण्यामुळेच हे घडले. आपल्याला आलेल्या टिपणांतील ‘मुलांसाठी जिवाचे रान केले’ हे वाक्य मला म्हणूनच काळजीचे वाटते. मोठ्यांना ते कौतुक वाटते. तिला त्यातून ‘बाबा माझ्यामुळे दमले आणि गेले’ असे ऐकू येऊ शकते. ते वाक्य वहीतून वगळावे आणि तुझ्या कोणत्याही बोलण्याने किंवा वागण्याने हे झाले नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत, एकदा नव्हे तर अनेकदा सांगावे.

एके काळी गेलेल्या माणसातून मन काढून घेणे हाच दुःखातून सावरण्याचा मार्ग मानला जात असे. अमेरिकेत फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वॉर्डन यांनी ७० कुटुंबांतील, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षे अभ्यास केला. त्यांना दिसले की मुले ते नाते तोडत नाहीत. गेलेल्या पालकाशी बोलतात, त्याच्या वस्तू जवळ ठेवतात आणि वयाबरोबर ते नाते बदलत नेतात. १९९६ पासून या विचाराला ‘टिकून राहणारे बंध’ अशा अर्थाच्या नावाने अभ्यासकांत ओळखले जाते. याचा आपल्या वहीशी थेट संबंध आहे. मुलगी दहाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी, स्वतः आई होताना पुन्हा नव्याने विचारील आणि प्रत्येक वेळी तिचा प्रश्न वेगळा असेल. तेव्हा वही शिवून बंद करू नका, पाने घालता येतील अशी ठेवा. आजोबांबरोबरचा अबोला आजच लिहून ठेवा, म्हणजे तपशील विसरले जाणार नाहीत. पण तो वेगळ्या पाकिटात असू द्या आणि मुले सोळा-सतरा वर्षांची झाली की द्या. शक्य असल्यास आजोबांनाच लिहू द्या. तो मिटवण्यासाठी आपल्या वडिलांनी पहिले पाऊल टाकले की आजोबांनी, हे त्या मुलांना कळणे फार मोठी गोष्ट आहे.

तपासणी टाळल्याची गोष्टही लपवू नये. मात्र ती दोष म्हणून न लिहिता घडले तसे लिहावी. तिचा एक व्यावहारिक भागही आहे. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झालेला असणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी बाब असते. भावाचे वैद्यकीय कागद मुलांसाठी नीट जपून ठेवा. आणि ताई, आपण स्वतःही या कारणासाठी डॉक्टरांना एकदा भेटा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर : दप्तरखाना

जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम मी करतो. वरील चर्चा वाचून सर्वांत आधी त्या चिठ्ठीची काळजी वाटली. अलीकडच्या पुष्कळ छापील पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर असतात. त्यांचा छापील मजकूर काही वर्षांत उडतो आणि उन्हाने किंवा गरम हवेने कागदच काळवंडतो. चिठ्ठीला कोणत्याही परिस्थितीत लॅमिनेशन करू नका, कारण त्या उष्णतेने पावतीची पूर्ण बाजू क्षणात काळी पडेल. आजच दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो काढा आणि मूळ चिठ्ठी साध्या, आम्लरहित कागदाच्या घडीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवा. फोटोंच्या मागे नावे लिहायची असतील तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहा.

त्याच्या आवाजाचे काम तर याहून निकडीचे आहे. व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवस वापरले गेले नाही तर ते सहसा काढून टाकले जाते आणि बंद झालेला मोबाईल क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मात्र फोनमध्ये उतरलेले संदेश ते ॲप काढून टाकेपर्यंत फोनमध्येच राहतात. म्हणून त्याच्या फोनमधले काहीही पुसू नका, ॲप काढू नका, फोन दुरुस्तीला देऊ नका. त्याचा फोन उघडत नसेल तर वहिनींच्या, आपल्या आणि मित्रांच्या फोनवर त्याने पाठवलेले ध्वनिसंदेश असतीलच. ते प्रत्येकाकडून मूळ रूपात मागवून घ्या. गूगलचे वैयक्तिक खातेही दोन वर्षे वापरात नसेल तर त्यातील फोटोंसह पुसले जाऊ शकते. गोळा झालेल्या साहित्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या घरी असावी. फाईलच्या नावात तारीख आणि कोणाला पाठवले एवढे जरूर लिहा. ‘गॅस बंद केलास का’ अशा चार सेकंदांच्या संदेशाला बिनमहत्त्वाचा समजून गाळू नका. माझ्या अनुभवात कुटुंबे पुन्हा पुन्हा ऐकतात ते असेच संदेश.

उत्तर : विज्ञानशिक्षक

बाकीच्या विषयात मला बोलण्याचा अधिकार नाही, पण त्या चिठ्ठीवरचा प्रश्न अनुत्तरित राहू नये म्हणून लिहितो. पाण्याला रंग असतो. शुद्ध पाणी प्रकाशातील लाल रंगाचा अगदी थोडा भाग शोषून घेते, त्यामुळे ते किंचित निळे असते. पेल्यातून येणारा प्रकाश पाण्यातून जेमतेम काही सेंटीमीटर जातो, म्हणून तेवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तोच प्रकाश काही मीटर स्वच्छ पाण्यातून गेला की निळसर झाक दिसू लागते. समुद्राच्या निळेपणात आकाशाच्या प्रतिबिंबाचाही वाटा असतो, परंतु आकाश झाकले तरी खोल पाण्याची स्वतःची निळाई राहते. हे उत्तर मुलीला द्यायचे असेल तर ‘बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून आणले’ असे सांगून द्या. शोधून सांगण्याची पद्धत तिच्या वडिलांची होती, एवढे तिला कळले तरी पुरे आहे.

पुन्हा : आत्या

सर्वांचे मनापासून आभार. मला जे का पटत नव्हते ते ‘लेक’ यांनी माझ्यासाठी शब्दांत मांडले. पत्राचा विषय घरात मिटला आहे. त्यांचे उत्तर मी वडीलधाऱ्यांना वाचून दाखवले आणि त्यावर कोणीही काही बोलले नाही. वडिलांनी त्या दोन वर्षांविषयी स्वतः लिहायचे कबूल केले आहे. अजून कागद कोराच आहे, पण तो त्यांच्या उशाशी असतो. माझी तपासणीही पुढच्या आठवड्यात ठरली आहे.

चिठ्ठी मी मुलीला दाखवली. तिने ती अक्षर लावून वाचली आणि पहिला प्रश्न पाण्याचा नव्हे, तर ‘रविवारपर्यंत म्हणजे कोणत्या रविवारपर्यंत?’ असा विचारला. मी समुपदेशकांनी सांगितल्याप्रमाणे, तो रविवार येण्याआधीच बाबांचा मृत्यू झाला, असे सांगितले. ती थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिली, मग पाण्याचे उत्तर नीट ऐकून घेतले आणि ते आपल्या हाताने एका कागदावर लिहून काढले. मी ते दुरुस्त केलेले नाही. त्यात ‘किंचित’ या शब्दाच्या दोन्ही वेलांट्या चुकल्या आहेत.

वहिनीला मी ‘लेक’ यांनी सुचवलेला प्रश्नच विचारला : रात्री धाकट्याला कोण झोपवत असे? ती उठून आत गेली आणि गेल्या वर्षीचे भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन आली. धाकटा खांद्यावर घेऊन फिरवल्याशिवाय झोपत नसे आणि ते काम माझ्या भावाचे होते. खोलीपासून सज्जापर्यंत आणि परत, अशा येरझाऱ्या घालताना तो मनातल्या मनात पावले मोजत असे आणि मूल झोपले की दबक्या आवाजात वहिनीला आकडा सांगत असे. ती तो पेन्सिलीने त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवी. ३४०. ९०. ११२०, त्या रात्री मुलाला ताप होता. ६१५. काही चौकटी रिकाम्या आहेत, तेव्हा तो कामासाठी बाहेरगावी होता. त्या रात्री वहिनीच येरझाऱ्या घालत होती, पण तिने पावले मोजली नाहीत. त्या घरी नेहमी जाऊन-येऊन असूनही मला यातले काहीही माहीत नव्हते, आणि ४२ टिपणांपैकी एकातही ते नव्हते.

कॅलेंडरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून झाले आहेत आणि एक प्रत माझ्या घरी आणली आहे. धाकट्याच्या भागात पहिल्या पानावर ते आकडे कसे आले एवढेच मी माझ्या नावाने लिहिणार आहे, आणि पुढची पाने जशीच्या तशी लावणार आहे. शेवटच्या रात्रीच्या चौकटीत २१२ लिहिले आहे.